काळजावरची फुली

माझ्या नवऱ्याने नोकरीच्या अर्जात छंद म्हणून ‘आर्चरी’ असं लिहिलं होतं. पुढे आम्ही जे भोगलं त्याचं मूळ त्या एका शब्दात आहे. कॉलेजात असताना पंधरा दिवसांच्या एका शिबिरात त्याने बांबूचं धनुष्य हातात धरलं होतं, आणि त्यातलेही पाच दिवस तापात काढले होते. पण ‘वाचन आणि संगीत’ सगळेच लिहितात, काहीतरी वेगळं दिसलं पाहिजे, असा सल्ला त्याला एका मित्राने दिला. पुण्याचा माणूस सहसा दुसऱ्याचा सल्ला ऐकत नाही. याने नेमका तिथे ऐकला.

तो अर्ज सिंगापूरमध्ये ज्या साहेबाच्या टेबलावर गेला तो मूळचा न्यूझीलंडचा, आणि दरवर्षी सुट्टी काढून धनुष्यबाणाने हरणाची शिकार करायला जाणारा. मुलाखतीत म्हणे त्याने पंपांबद्दल दोन प्रश्न विचारले आणि धनुष्यांबद्दल दहा. नवऱ्याने हसून हसून वेळ मारून नेली. तुआसच्या कारखान्यात देखभाल विभागाचा मॅनेजर म्हणून त्याला नोकरी मिळाली. मी सातारा जिल्ह्यातल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातली माझी नोकरी सोडली, पाच वर्षांच्या मुलीचा हात धरला आणि त्याच्या मागे आले.

गुरांची डॉक्टर म्हणून मी सहा वर्षं काम केलं होतं. अडलेल्या म्हशी सोडवल्या, फुगलेल्या बैलांची पोटं टोचून हवा काढली, विम्याच्या कागदासाठी मेलेल्या शेळ्या फाडल्या. लोक ‘डॉक्टरीणबाई’ म्हणून हाक मारायचे. सासूबाई मात्र पाहुण्यांना ‘सून डॉक्टर आहे’ एवढंच सांगायच्या, आणि कसली असं कुणी विचारलंच तर चहा टाकायला आत जायच्या. सिंगापूरला आल्यावर तोही प्रश्न मिटला, कारण माझ्या पदवीवर इथे काम करायचा परवाना मिळत नव्हता. माझ्या कार्डावर ‘डिपेंडंट’ असं लिहिलेलं होतं. नवऱ्याचं कार्ड त्याच्या नोकरीवर उभं, माझं आणि मुलीचं त्याच्या कार्डावर. पत्त्यांचा बंगला यापेक्षा काय वेगळा असतो!

मरीन परेडला बाराव्या मजल्यावर आमचा फ्लॅट होता. खिडकीतून समुद्र दिसायचा आणि त्यात नांगर टाकून थांबलेली जहाजं. मुलगी शाळेत गेली की मी ती मोजायचे. काही जहाजं आठवडा आठवडा हलायची नाहीत. मैत्रिणी फोनवर म्हणायच्या, मजा आहे बाई तुझी, रोज समुद्र. मी ‘हो ना’ म्हणायचे.

तिसऱ्या वर्षी जानेवारीत साहेबाने नवऱ्याला केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं की या एप्रिलला तू माझ्याबरोबर चल. माझ्या भावाचं शेत आहे, मागे डोंगर आहे, आणि हरणं बेसुमार झाली आहेत. आमच्या तिघांचेही पास, म्हणजे तीच कार्डं, जूनमध्ये संपत होते, आणि ते वाढवण्याची शिफारस साहेबाच्या सहीने जायची. या दोन गोष्टी त्याने एकत्र उच्चारल्या नाहीत. पण आदल्या वर्षी नवऱ्याच्याच विभागातल्या एका माणसाचा पास वाढला नव्हता, आणि तो माणूस साहेबाबरोबर शिकारीला जायचं दोन वर्षं टाळत आला होता. त्याचा याच्याशी संबंध असेल किंवा नसेलही. मनात पाल चुकचुकायची ती चुकचुकलीच.

“तू हो म्हणालास?” मी विचारलं. पुण्यात सासूबाईंसमोर मी त्याला अहो-जाहो करायचे, चांगीला विमान टेकलं की अरे-तुरे.

“मग काय म्हणणार होतो?”

“शाकाहारी आहे म्हणून सांगायचंस.”

“ते त्याला माहितीये. तो म्हणाला, खाऊ नकोस, फक्त मार.”

मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. सदाशिव पेठेतल्या ज्या घरात अंडंसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत आलं नाही, त्या घरातला हा मुलगा. झुरळ दिसलं तर मला हाक मारायचा.

साहेब वाईट माणूस असता तर सोपं गेलं असतं. त्याला शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. पण तो तसा नव्हता. शिंगं किती मोठी, फोटो किती चांगला, हे तो कधी बोलायचा नाही. त्याचं सगळं बोलणं एकाच गोष्टीभोवती फिरायचं: बाण कुठे लागला पाहिजे. जनावराला कळायच्या आत ते संपलं पाहिजे, आणि ज्याला ते जमत नाही त्याने धनुष्याला हात लावू नये, असं तो म्हणायचा. न्यूझीलंडला नेण्याआधी तो प्रत्येकाची परीक्षा घ्यायचा. वीस मीटरवरून सहा बाण, आणि सहाच्या सहा जेवणाच्या ताटलीएवढ्या जागेत. नापास होणाऱ्याला तो नेत नसे, आणि तसं कुणी नापास झालं तर त्याच्यावर राग धरत नसे. हे शेवटचं आम्हाला ऐकून माहीत होतं, पण तेव्हा त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नाही.

बुकित तिमाहच्या बाजूला त्याचा एक क्लब होता. मागच्या अंगणात धनुर्विद्येसाठी जागा आखलेली आणि तिच्या टोकाला फोमचं एक हरीण, खऱ्याएवढं, काचेच्या डोळ्यांचं. पहिल्या शनिवारी नवरा मला आणि मुलीला सोबत घेऊन गेला. एकट्याने जायची त्याला हिंमत नव्हती. मी नमस्कार-चमत्कार करून बाकावर बसणार, तेवढ्यात बोलता बोलता नवऱ्याच्या तोंडून निघून गेलं की बायको जनावरांची डॉक्टर आहे.

साहेब माझ्याकडे वळला. त्याने हातातलं धनुष्य खाली ठेवलं आणि विचारलं, “डॉक्टर, या हरणाचं फुप्फुस कुठे संपतं ते मला दाखवाल?”

तीन वर्षांत मला कुणी काही विचारलं नव्हतं. दूध संपलंय का, इस्त्रीचे कपडे आले का, एवढंच. मी उठले, त्या फोमच्या हरणाच्या अंगावर हात ठेवला आणि बोलत सुटले. खांद्याचं पातं इथवर. त्याच्या मागे पहिल्या मोठ्या बरगड्या. या बरगड्यांच्या आत दोन्ही फुप्फुसं. हृदय खाली, कोपराच्या जरा वर, पण ते लहान, त्याच्या नादी लागू नये. इथे छाती आणि पोटामधला पडदा. पडद्यामागे पोटाचं राज्य सुरू होतं. साहेब मान डोलवत ऐकत होता. नंतर तो नवऱ्याला म्हणाला, “तुला माझी गरज नाही. घरातच शिक्षक आहे.” त्या रात्री मी आनंदाने नीट झोपले नाही, हे कबूल करते. नवरा अडकला होता आणि मला आनंद झाला होता.

मग आमच्या घरच्या हॉलमध्ये शाळाच भरली. मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टचे तपकिरी कागद चिकटवून मी पूर्ण मापाचं हरीण काढलं, उजवी बाजू दिसणारं, आणि टीव्हीच्या शेजारच्या भिंतीवर लावलं. संध्याकाळी सातला नवरा तुआसहून थकून यायचा, वरण-भात खायचा आणि त्या कागदासमोर उभा राहायचा. मी हातात पट्टी घेऊन त्याला प्रश्न विचारायचे.

“तोंड आपल्याकडे करून उभं आहे.”

“नाही मारायचं.”

“का?”

“छातीचं हाड. बाण घसरतो.”

“पाठमोरं, थोडं तिरकं?”

“चालेल. पलीकडच्या पुढच्या पायाचा नेम धरायचा.”

“मान वर करून आपल्याकडे बघतंय. कान टवकारलेत.”

“नाही. दोरीच्या आवाजाने ते खाली दबतं, बाण वर जातो.”

“आडवं उभं आहे, मान खाली, चरतंय.”

“पुढचा पाय पुढे टाकेपर्यंत थांबायचं. मग.”

तो हुशारच. पाठांतरात पहिला नंबर असणाऱ्यांपैकी. बाण लागल्यावर अर्धा तास जागेवरून हलायचं नाही, हेही त्याने पाठ केलं. मागे धावलं की घाबरलेलं जनावर मैलभर जाऊन मरतं. रक्त गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुप्फुस. गडद असेल तर तासन्‌तास थांबायचं. हिरवट घाण दिसली तर पोट, आणि पोटात लागलेलं हरीण दुसऱ्या दिवसापर्यंतही जिवंत असू शकतं. शेवटचं वाक्य म्हणताना तो दर वेळी माझ्याकडे न बघता कागदाकडे बघायचा.

एके दिवशी मी त्या कागदावर नावं घातली. बरगड्यांवर ‘फुप्फुस’ लिहिलं, अगदी मागे ‘पोट’, आणि त्या दोघांच्या मध्ये ‘काळीज’. काळजावर तांबड्या मार्करने एक मोठी फुली मारली. ही जागा टाळायची, या अर्थाने. काळीज टाळ, म्हणजे पोट आपोआप टळेल. हे मी त्याला तोंडानेही सांगितलं असतं, पण तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि मी आत गेले.

पुढचे दोन शनिवार मुलीला सर्दी झाली म्हणून मी क्लबात गेले नाही. तिसऱ्या शनिवारी गेले. नवऱ्याने सहा बाण मारले. एकापाठोपाठ एक, शांतपणे, आणि सहाही बाण एकमेकांना चिकटून बसले. तळहाताने झाकता येईल एवढ्या जागेत. बाकावरच्या दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. नवरा आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या खेळात जिंकल्यासारखा वळून माझ्याकडे बघत होता. पण सहाच्या सहा बाण वीतभर मागे होते.

साहेब हरणाजवळ गेला, वाकून बघितलं, आणि म्हणाला, “बाण सुंदर एकत्र आलेत. अवयव चुकला. तीन आठवडे हा न चुकता लिव्हरलाच मारतोय. मला वाटलं डॉक्टरांची काही वेगळी पद्धत असेल.” लोक हसले. मग साहेब हसायचा थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, “हे सहा तासांचं मरण आहे.”

परत येताना एमआरटीत आमचं जे भांडण झालं ते अर्ध्या डब्याने ऐकलं. भाषा कळत नव्हती हेच नशीब.

“तूच फुली मारलीस ना काळजावर?”

“मारू नको म्हणून मारली!”

“फुली म्हणजे नेम! जिथे मारायचं तिथे फुली!”

“अरे, पण काळीज म्हणजे लिव्हर!”

“काळीज म्हणजे हृदय! काळजाचा ठोका चुकला, काळजाला हात घातला, काळजाचा तुकडा. लिव्हरचा ठोका चुकतो का?”

“मटणाच्या दुकानात जाऊन काळीज माग, काय देतात बघ.”

“मी कधी गेलोय मटणाच्या दुकानात?”

मराठी बोलणाऱ्या दोन माणसांचं लग्न झालं आणि एकाच्या काळजात भावना होत्या, दुसऱ्याच्या काळजात पित्त. मुलगी आमच्यामध्ये बसून दोघांची तोंडं बघत होती. आता ती आठ वर्षांची होती. शेवटी वैतागून म्हणाली, “Heart is heart, liver is liver lah. Why you all fight?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला टेक्का मार्केटला घेऊन गेले. लिटिल इंडियातलं हे मोठं मार्केट, खाली मटण-मासळीची दुकानं. नवरा तिथे फक्त भाजीच्या बाजूला जायचा, तोही श्वास रोखून. एका तमिळ खाटकाकडे बोकडाचं सगळं काळीज-फुप्फुस एकत्र लटकवलेलं होतं. मी ते उतरवून घेतलं आणि फळीवर त्याच्यासमोर मांडलं. हे फुप्फुस, बोट लाव, स्पंजसारखं लागतं. हे हृदय, मुठीएवढं. आणि हे काळीज. खाटकाने विचारलं, काय बनवणार? मी म्हटलं, काही नाही, अभ्यास चाललाय. तो नवऱ्याकडे बघून दिलखुलास हसला.

नवऱ्याने खरंच बोट लावलं. आधी टोकाने, मग सगळ्या तळव्याने, आणि हात तसाच ठेवून उभा राहिला. “गार आहे,” तो म्हणाला. आणि मग, “आतमध्ये असताना किती गरम असेल.” त्याचा आवाज बदलला होता. त्या क्षणी मी म्हणायला हवं होतं की बस झालं, नाही जायचं, पास गेला तर गेला, आपण परत जाऊ, मी पुन्हा म्हशी सोडवीन. ते वाक्य माझ्या ओठांवर आलंही होतं. पण परत जायचं म्हणजे काय, हे माझ्या डोळ्यांसमोर लगेच आलं. पुण्याचा दोन खोल्यांचा फ्लॅट भाड्याने दिलेला, मुलीला धड मराठी वाचता येत नाही, आणि सासूबाईंचं ‘काय झालं असं अचानक?’ मी पिशवी उचलली आणि म्हटलं, चल, उशीर होतोय.

त्यानंतर तो चुकला नाही. शनिवारी क्लबात, आणि एरवी घरी कागदासमोर नुसता हात ताणून. ताटलीएवढी जागा त्याला लागतच नव्हती, वाटीएवढी पुरत होती. साहेब खूश होता. कारखान्यात त्याला मोठ्या मीटिंगांना बोलावू लागला. आणि घरात आम्ही दोघं हरणाखेरीज काही बोलेनासे झालो. वाऱ्याची दिशा, उतारावरून मारताना कोन कसा बदलतो, वरून मारला तर एकच फुप्फुस कसं सापडतं. सहा वर्षं मी जनावरं जगावीत म्हणून जे शिकले ते सगळं आता उलट्या बाजूने उपयोगी पडत होतं. ज्ञान तेच, आणि त्याची मला लाज वाटायला हवी होती. पण वाटत होता तो अभिमान. दवाखान्यात नव्या कंपाउंडरला शिकवताना वाटायचा तसाच.

मार्चमध्ये एका रविवारी मुलीला प्राणिसंग्रहालयात घेऊन गेलो. हरणांच्या आवारात एक मोठं सांबर आडवं उभं राहून चरत होतं. मुलगी कठड्याला लोंबकळून बघत होती. माझ्या शेजारी नवऱ्याचा श्वास थांबल्याचं मला जाणवलं. त्याचा उजवा हात दोरी ताणल्यासारखा नकळत हनुवटीशी आला होता.

“आता,” तो पुटपुटला.

“थांब,” मी म्हटलं, “पाय पुढे येऊ दे.”

सांबराने पाय पुढे टाकला. आम्ही दोघांनी एकदमच श्वास सोडला. मुलगी वळून आमच्याकडे बघत म्हणाली, “You two so weird.” आम्ही हसलो, तिला आइस्क्रीम घेऊन दिलं. मी इतक्या जनावरांकडे आयुष्यात बघितलं, पण कुठल्याही जिवंत, धडधाकट जनावराकडे बघून त्याच्यात शिरायची जागा मी याआधी शोधली नव्हती.

निघायच्या आधीच्या शनिवारी परीक्षा होती. तो दिवस फार उकाड्याचा होता, झाडाचं पान हलत नव्हतं. नवऱ्याने पहिला बाण मारला, बरोबर जागी. दुसरा त्याला लागून. तिसरा, चौथा, पाचवा. पाच बाण जणू एकाच माणसाने हाताने नेऊन टोचावेत तसे. सहाव्याला त्याने फार वेळ घेतला. धनुष्य ताणलं, खाली घेतलं, पुन्हा ताणलं. आणि बाण सुटला तो सरळ पोटात जाऊन बसला. त्या पाचांपासून हातभर मागे, मऊ जागी.

साहेबाने टोपी काढून कपाळ पुसलं. तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “डॉक्टर, सहातला एक पोटात मारणाऱ्याला मी एरवी घरी ठेवतो. पण पाच बाण असे मारणारा माणूस मी क्वचित बघितलाय. तुम्ही याला ओळखता आणि जनावरालाही. तुम्ही म्हणाल तसं. तयार आहे की नाही?”

माझ्या एका शब्दावर सगळं होतं. नाही म्हटलं असतं तर कुणाचा अपमान झाला नसता. साहेबाच्या स्वतःच्या नियमात बसणारं कारण समोर टोचलेलं होतं. पास जाण्याची भीतीसुद्धा त्या उत्तराने उलट कमी झाली असती, कारण नापास होणाऱ्यावर तो राग धरत नसे. हे सगळं मला आज दिसतं. त्या दिवशी मला दिसले ते पाच बाण. ते माझे होते. माझ्या पट्टीने, माझ्या कागदाने, माझ्या टेक्काच्या शिकवणीने तिथे पोचलेले. आणि हा सहावा माझ्या शिकवण्यावरचा डाग होता.

“तयार आहे,” मी म्हटलं. “शेवटच्याला दंड थकला. तिकडे सहा बाण मारायचे नाहीत. एकच मारायचा आहे.”

साहेब खुशीत हसला आणि माझा हात हातात घेऊन जोरात हलवला. नवरा धनुष्य उतरवून पेटीत ठेवत होता. त्याला बराच वेळ लागला.

तो आठवडाभर गप्पच होता. मी त्याची बॅग भरली, लोकरीचे मोजे आणले, मेथीचे ठेपले बांधून दिले. तो निघाला तेव्हा मुलीच्या डोक्यावर हात ठेवून जरा जास्तच वेळ उभा राहिला. मला वाटलं, पहिल्यांदाच एकटा इतक्या लांब चाललाय म्हणून.

चौथ्या दिवशी दुपारी फोन आला. मी खिडकीशी उभी होते. आवाज तुटत होता, मागे वारा होता.

“झालं,” तो म्हणाला.

माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो डॉक्टरचा. “कुठे लागला?”

“आडवी उभी होती. पंचवीस पावलांवर. मादी होती. पाय पुढे टाकला तिने, मग सोडला.”

“रक्त कसं होतं?”

“गुलाबी. फेस होता.”

“किती लांब गेली?”

“चाळीस पावलं. अर्धा तास थांबलो आम्ही. मग गेलो तेव्हा...” पुढचं वाऱ्यात गेलं.

“छान,” मी म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं. “अगदी छान केलंस. तिला काही कळलंसुद्धा नसेल.”

मग तो बोलला, आणि त्याचा आवाज अगदी साधा होता, संध्याकाळी दारात बूट काढताना दिवसभराचं सांगतो तसा.

“तो सहावा बाण मी मुद्दाम पोटात मारला होता.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“मला दुसरं काही सुचलं नाही. मला नाही म्हणता येत नव्हतं, म्हणून म्हटलं, तू म्हणशील. तुला तर कळेलच, की हा इतका चुकूच शकत नाही.”

“मग सांगायचंस ना मला,” मी म्हटलं. माझा आवाज चिडका लागला. “घरी आल्यावर सांगायचंस. आठवडा होता की मध्ये.”

“त्याच्यापुढे ‘तयार आहे’ म्हणून बसली होतीस तू. आणि मी सांगितलंच होतं,” तो म्हणाला. “बाण सोडला आणि तुझ्याकडेच बघत होतो मी. साहेब टोपी काढेपर्यंत तुझ्याकडेच बघत होतो.”

ते खरं असणार. तो खोटं बोलत नाही, त्या एका अर्जातल्या शब्दाखेरीज. मी खूप आठवून बघितलं, त्या दिवशी आणि नंतरही, पण बाण सुटल्यानंतरचा त्याचा चेहरा मला आठवतच नाही. मी हरणाकडे बघत होते.